पासवर्ड बरोबर, तरी दार बंद : लिनक्समधलं लॉगिन आणि फाइलींच्या परवानग्या

मागच्या व्याख्यानात आपण पॉवरचं बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा दिसेपर्यंत संगणकात काय घडतं ते बघितलं. आज तिथून पुढे जाऊ. पासवर्ड टाकल्यावर आपला डेस्कटॉप समोर येईपर्यंत जे चार-पाच सेकंद जातात, त्यात काय बिघडू शकतं आणि ते घरच्या घरी कसं दुरुस्त करायचं, हा आजचा विषय. उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन यांपैकी काहीही वापरत असाल तर थोड्याफार फरकानं हे सगळं लागू पडतं.

विषय साधा वाटेल, पण यात लोकांचं खरंखुरं नुकसान होतं. लॉगिन होत नाही म्हटल्यावर माणूस घाबरतो. संगणक दुरुस्तीला जातो, तिथं बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारावा लागेल." मग मुलांचे फोटो, दुकानाचे हिशेब, अर्धवट लिहिलेला प्रबंध सगळं जातं. आणि गंमत म्हणजे यातल्या पुष्कळ वेळा बिघाड असतो तो एका छोट्या फाइलीचा. तुमच्या बाकीच्या फाइली जागच्या जागी सुखरूप असतात. एवढं एक वाक्य आज लक्षात ठेवलंत तरी व्याख्यानाचं काम झालं.

आधी लक्षण नीट बघा

"लॉगिन होत नाही" या एकाच वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात.

पहिला : पासवर्ड टाकला की "पासवर्ड चुकीचा आहे" असा संदेश येतो. इथं परवानग्यांचा संबंध सहसा नसतो. कॅप्स लॉक बघा. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघायची, कळफलक मराठीवर राहिला आहे का? ज्यांनी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कळफलक जोडलेला आहे, त्यांच्याकडे लॉगिनच्या पडद्यावरही तोच निवडलेला राहू शकतो. आपण इंग्रजी अक्षरं टाकतोय असं वाटतं, आत देवनागरी जात असते, आणि ठिपक्यांमुळे ते दिसत नाही. कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं, तिथं बदलून बघा.

दुसरा : पासवर्ड स्वीकारला जातो, पडदा क्षणभर काळा होतो, आणि पुन्हा लॉगिनचा पडदा हजर. पुन्हा पासवर्ड, पुन्हा तेच. तक्रारीचा एक शब्द नाही. याला लॉगिन लूप म्हणतात. आपण म्हणू, गोल फिरणं. आजचं व्याख्यान मुख्यतः याच्याबद्दल आहे.

तिसरा : लॉगिन होतं, पण समोर नुसता काळा पडदा आणि माउसचा बाण राहतो. हे बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं दुखणं असतं. त्यावर वेगळं बोलावं लागेल.

दारावरचा पहारेकरी काय करतो

लॉगिनचा पडदा दाखवणारा एक स्वतंत्र प्रोग्राम असतो. त्याला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. मिंटमध्ये लाइटडीएम, उबुंटूत जीडीएम, केडीई वापरणाऱ्यांकडे एसडीडीएम. याला आपण पहारेकरी म्हणू.

पहारेकरी दोन कामं करतो. पहिलं, तुमचा पासवर्ड तपासतो. दुसरं, तो बरोबर असेल तर तुमच्या नावानं डेस्कटॉप सुरू करून देतो. "तुमच्या नावानं" हे महत्त्वाचं. या क्षणापासून जे काही चालतं ते तुमच्या अधिकारात चालतं, रूट म्हणजे मुख्य मालकाच्या अधिकारात नाही.

आता हा नवा डेस्कटॉप उठल्या उठल्या तुमच्या होम फोल्डरमध्ये लिहायला लागतो. कुठली खिडकी कुठं होती, आवाज किती होता, पडद्याचा रंग कुठला. याच्या नोंदी तो लपलेल्या फाइलींमध्ये ठेवतो. ज्यांच्या नावाची सुरुवात टिंबानं होते त्या फाइली लपलेल्या असतात. त्यातली एखादी अत्यावश्यक फाइल उघडता आली नाही, की डेस्कटॉप तिथंच मरतो.

आणि पहारेकऱ्याला काय दिसतं? त्याला दिसतं की या माणसाचं सत्र संपलं. त्याच्या लेखी तुम्ही आत गेलात आणि लगेच लॉग आउट करून बाहेर आलात. म्हणून तो निमूटपणे पुन्हा लॉगिनचा पडदा लावतो. चूक दाखवत नाही, कारण त्याच्या मते चूक झालेलीच नाही. गोल फिरण्याचं गूढ एवढंच आहे.

सातबारा कोणाच्या नावावर?

आता परवानग्या. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक असतो आणि एक गट असतो. मालक, गट आणि बाकीचे सगळे अशा तिघांना प्रत्येकी तीन हक्क देता येतात : वाचणं, लिहिणं आणि चालवणं. आकड्यात सांगायचं तर वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. म्हणून ६ म्हणजे वाचणं आणि लिहिणं, ७ म्हणजे तिन्ही. "६००" ऐकलंत तर समजा, मालकाला वाचता-लिहिता येतं, बाकी कोणाला काहीच नाही.

जमिनीचं उदाहरण घ्या. शेत तुमचं, कुंपण तुमचं, पण मधल्या एका गुंठ्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढला, तर त्या तुकड्यात तुम्हाला नांगर घालता येत नाही. लॉगिन लूपमध्ये नेमकं हेच होतं. घर तुमचं, पण घरातल्या एका फाइलीवर मालक म्हणून रूटचं नाव लागलेलं असतं.

ती एक फाइल बहुतेक वेळा कुठली असते? तिचं नाव टिंब-एक्सऑथॉरिटी. त्यामागे थोडा इतिहास आहे. एक्स विंडो सिस्टिम ही पडद्यावर खिडक्या काढणारी यंत्रणा १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. तीच एक्स-इलेव्हन आजही अनेक संगणकांवर चालते. तिची रचना अशी की ज्या प्रोग्रामला ती आत घेते, त्याला तुमचा पडदा बघता येतो आणि तुम्ही दाबलेली कळही कळू शकते. म्हणून आत येणाऱ्याकडे एक गुप्त किल्ली मागितली जाते. ही १२८ बिटांची किल्ली टिंब-एक्सऑथॉरिटी या फाइलीत असते, आणि म्हणूनच तिच्या परवानग्या ६०० असतात. मालकाशिवाय कोणी वाचायचं नाही.

आता मालकच बदलला तर? तुमच्या डेस्कटॉपला स्वतःचीच किल्ली वाचता येत नाही. दार बंद.

उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत जीडीएम ही किल्ली होम फोल्डरमध्ये न ठेवता स्मृतीतल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्यामुळे ही विशिष्ट अडचण तिथं कमी येते. पण लाइटडीएम वापरणाऱ्या मिंटसारख्या ठिकाणी ती येते. आणि टिंब-आयसीईऑथॉरिटी, टिंब-कॉन्फिग, टिंब-कॅश, टिंब-लोकल यांचा मालक बदलला तर कुठंही त्रास होऊ शकतो.

रूटचं नाव चढतं कसं?

आपणच चढवतो, नकळत. सूडो ही आज्ञा तुम्हाला माहीत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात ती लिहिली गेली. एका आज्ञेपुरता रूटचा अधिकार उसना घ्यायचा, एवढंच तिचं काम. अक्षरी आज्ञांसाठी ती उत्तम आहे. पण आपण काय करतो? एखादी सिस्टिमची फाइल बदलायची म्हणून सूडो लावून खिडकीवाला एडिटर किंवा फाइल मॅनेजर उघडतो. तो प्रोग्राम रूटच्या अधिकारात चालतो, पण होम फोल्डर तुमचं धरतो. आणि मग स्वतःच्या नोंदी तुमच्या घरात, रूटच्या नावानं लिहून ठेवतो.

उबुंटूनं १९.१० या आवृत्तीपासून सूडोचं हे वागणं बदललं, आता ते रूटचं होम फोल्डर धरतं. तरी इतर वाटा उरतातच. सूडो लावून स्टार्टएक्स चालवणं, रूट होऊन जुना बॅकअप होम फोल्डरमध्ये ओतणं, या त्यातल्या नेहमीच्या दोन.

बिघाड त्या दिवशी दिसत नाही, हेही लक्षात घ्या. चालू सत्र चालूच राहतं. दोन दिवसांनी संगणक बंद करून पुन्हा लावला की दार बंद. तोवर आपण काय केलं होतं ते आपण विसरलेलो असतो, आणि दोष जातो कालच्या अपडेटला.

आता दुरुस्ती, क्रमानं

आज्ञा मी उच्चारानं सांगतो. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या लिपीत, सांगितलेल्या जागा सोडून टाकायच्या.

पायरी पहिली : मागचं दार. लॉगिनच्या पडद्यावर असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर एफएन कळही दाबावी लागते. काळ्या पडद्यावर अक्षरी लॉगिन येईल. नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टाकताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, ते तसंच असतं, घाबरू नका. आत गेलात? मग मोठी बातमी कळली. तुमचं खातं ठीक आहे, पासवर्ड ठीक आहे. बिघाड फक्त चित्रमय सत्रात आहे.

पायरी दुसरी : जागा आहे का बघा. "डी-एफ", जागा सोडून "डॅश एच". कुठल्या ओळीत १०० टक्के दिसतंय का? डिस्क गच्च भरली तरी डेस्कटॉपला लिहिता येत नाही आणि लक्षण अगदी हेच दिसतं. तसं असेल तर परवानग्यांना हात लावू नका. आधी एखादी नको असलेली मोठी फाइल काढा.

पायरी तिसरी : सातबारा तपासा. "एल-एस", जागा, "डॅश एल ए". लांबलचक यादी येईल. प्रत्येक ओळीत सुरुवातीला दहा खुणा. पहिली खूण फाइल आहे की फोल्डर ते सांगते, पुढच्या नऊ तीन-तीनच्या गटात हक्क सांगतात. त्यानंतर एक आकडा, आणि मग दोन नावं : मालक आणि गट. समजा तुमच्या खात्याचं नाव "दुकान" आहे. तर जवळजवळ सगळ्या ओळींत दुकान, दुकान असं दिसायला हवं. यादीतल्या दोन टिंबांच्या ओळीत रूट दिसेल, ते योग्य आहे, कारण ती ओळ तुमच्या घराची नसून वरच्या फोल्डरची आहे. बाकी कुठं रूट दिसलं तर तो आपला संशयित.

पायरी चौथी : संशयिताला बाजूला सारा. पुसू नका, नाव बदला. "एम-व्ही", जागा, फाइलीचं जुनं नाव, जागा, नवं नाव. नव्या नावाला शेवटी "जुनी" अर्थाचं काहीतरी जोडा म्हणजे झालं. नाव टाकताना सुरुवातीचं टिंब विसरू नका, आणि टिंब-एक्सऑथॉरिटीत फक्त एक्स मोठ्या लिपीत.

इथं एक प्रश्न सुचायला हवा. फाइल रूटच्या मालकीची आहे, मग मला तिचं नाव कसं बदलता येईल? येतं, आणि सूडोशिवाय येतं. कारण फाइलीचं नाव ही फाइलीतली नोंद नसते, ती फोल्डरमधली नोंद असते. फोल्डर तुमचा आहे, त्यामुळे त्यातली यादी बदलायचा हक्क तुमचा. आतला मजकूर मात्र तुम्हाला वाचता येणार नाही. हा फरक समजला की परवानग्यांचं अर्धं शास्त्र समजलं.

आता कंट्रोल, ऑल्ट, एफ-१ दाबून, काही ठिकाणी एफ-७ दाबून, लॉगिनच्या पडद्यावर परत या. लॉगिन करा. फाइल सापडली नाही की यंत्रणा नवी बनवते, तुमच्या नावानं. बहुतेकांचं काम इथंच होतं.

पायरी पाचवी : बऱ्याच ओळींत रूट दिसत असेल तर पूर्ण होम फोल्डर आपल्या नावावर करून घ्या. "सूडो", जागा, "सी-एच-ओ-डब्ल्यू-एन", जागा, "डॅश मोठा आर", जागा, तुमच्या खात्याचं नाव आणि त्याला चिकटून कोलन, जागा, आणि शेवटी होम फोल्डरचा पूर्ण पत्ता : तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ, खात्याचं नाव. कोलननंतर काही लिहिलं नाही की गट आपोआप तुमचाच लागतो. एंटर दाबण्याआधी ही ओळ मोठ्यानं वाचा. मोठा आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. पत्त्याच्या जागी चुकून नुसती तिरकी रेघ गेली, तर संपूर्ण संगणकाचा सातबारा बदलेल.

पायरी सहावी : अजून होत नसेल तर टेम्प फोल्डर बघा. "एल-एस", जागा, "डॅश एल डी", जागा, तिरकी रेघ आणि टी-एम-पी. हा फोल्डर धर्मशाळेसारखा आहे, सगळ्यांना सामान ठेवता येतं, पण दुसऱ्याचं सामान उचलता येत नाही. म्हणून हक्कांच्या शेवटी टी हे अक्षर असतं आणि आकडा १७७७. तो बदलला असेल तर "सूडो", "सी-एच-एम-ओ-डी", "१७७७" आणि तोच पत्ता, मध्ये जागा सोडून.

सात-सात-सातचा मोह

या विषयावर सल्ला मागितला की कोणीतरी हमखास सांगतं, "सगळ्याला ७७७ मार, सुटेल." कृपा करून हे करू नका. ७७७ म्हणजे कोणीही वाचा, लिहा, चालवा. घराला कुलूप लागत नाही म्हणून भिंतच पाडायची, असला हा उपाय.

आणि त्यानं सुटत तर नाहीच, वाढतं. कारण कित्येक प्रोग्राम फाजील मोकळ्या परवानग्या दिसल्या की काम करायलाच नकार देतात. एसएसएच ही दूरच्या संगणकाशी जोडणारी सोय तुमची खासगी किल्ली इतरांना वाचता येते असं दिसलं की ती वापरत नाही. सूडोची फाइल रूटच्या मालकीची राहिली नाही की सूडो चालत नाही, म्हणजे दुरुस्तीचं हत्यारच गेलं. मग मात्र पुन्हा इन्स्टॉल करण्याखेरीज सोपी वाट उरत नाही. आपलं तत्त्व असं ठेवा : परवानगी सैल करण्याआधी मालक बघा. मालक बरोबर केला की परवानग्यांना बहुधा हात लावावा लागत नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : बिघाड माझ्या घरात आहे की संपूर्ण संगणकात, हे कसं ओळखायचं?

अगदी योग्य प्रश्न. अक्षरी पडद्यावरून एक नवं तात्पुरतं खातं तयार करा. "सूडो", जागा, "ॲडयूजर", जागा, नवं नाव. आता लॉगिनच्या पडद्यावरून त्या खात्यात शिरा. शिरता आलं तर यंत्रणा ठणठणीत आहे, बिघाड तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे. तेही गोल फिरलं तर दोष सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टीत आहे, जसं टेम्प फोल्डर, भरलेली डिस्क किंवा ड्रायव्हर.

प्रश्न : सूडो म्हणतं की तुम्हाला परवानगी नाही. मग?

तुमचं नाव सूडोच्या गटातून निघालं असेल. युजरमॉड या आज्ञेनं नवा गट देताना "डॅश छोटा ए" राहिला की जुने गट पुसले जातात, त्यातून हे होतं. तेव्हा संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून रिकव्हरी मोडमध्ये जावं लागतं आणि तिथून नाव पुन्हा गटात घालावं लागतं.

प्रश्न : विंडोजमध्ये असं होतं का?

होतं, फक्त चेहरा वेगळा. विंडोजला तुमची प्रोफाइल नीट वाचता आली नाही तर कधी ते आत घेत नाही, कधी तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये घेतं. डेस्कटॉप कोरा दिसतो आणि माणसाला वाटतं सगळं गेलं. गेलेलं नसतं, जुना फोल्डर तिथंच असतो. पण त्या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये नवीन काही साठवू नका, लॉग आउट झालं की ते पुसलं जातं.

जाता जाता

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून दोन सवयी लावा. खिडकीवाल्या प्रोग्रामला सूडो लावू नका. ज्याला खरंच जास्त अधिकार लागतो तो स्वतःच पासवर्डची खिडकी दाखवतो. आणि सिस्टिमची फाइल बदलायची असेल तर अक्षरी पडद्यावर "सूडो", जागा, "डॅश ई", जागा, फाइलीचा पत्ता अशी आज्ञा द्या. यात एडिटर तुमच्याच अधिकारात चालतो, रूटचा हात फक्त शेवटी, फाइल जागेवर ठेवताना लागतो.

आणि कधी संगणक दुरुस्तीला द्यावाच लागला, तर आधी विचारा, "होम फोल्डरच्या फाइलींचा मालक कोण आहे ते बघितलंत का? डिस्क भरली आहे का?" उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नका. आणि मिळाल्यावरही, आधी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर, मग बाकीचं. ती नक्कल कशी घ्यायची, परवानग्यांसकट कशी परत आणायची, हे पुढच्या व्याख्यानात बघू.